फाइल जाळू नका, लपवूही नका

मुलाची केमो संपते, डॉक्टर म्हणतात, "आता फक्त तपासणीला येत राहा." आणि घरातल्या मोठ्यांचा पहिला सल्ला येतो, कॅन्सरच्या उपचारांची ती फाइल जाळून टाका. कशाला ती आठवण? मुलगी असेल तर आवाज आणखी खाली येतो. उद्या स्थळं बघायची आहेत, कुणाला कळता कामा नये.

माझ्या लेकीला लहानपणी रक्ताचा कॅन्सर झाला, त्यातला एएलएल हा प्रकार. आता ती कॉलेजात आहे. असा सल्ला देणारी माणसं वाईट नव्हती. त्यांनीच डबे पोचवले, रक्तदाते शोधले. तरीही हा सल्ला मुलांच्या जिवावर बेतू शकतो, असं माझं ठाम मत आहे.

ती लाल रंगाची केमो, डॉक्सोरुबिसिन किंवा डॉनोरुबिसिन, आठवतेय ना? तिने आपली मुलं वाचतात. पण तेच औषध हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतं आणि ती इजा दहा-वीस वर्षांनीही उघड होऊ शकते, तोवर एकही लक्षण नाही. धोका किती, हे एकूण डोस किती गेला त्यावर ठरतं. छातीला शेक, म्हणजे रेडिएशन, दिला असेल तर तो धोका वाढतो. हा डोस पुढे कुठल्याही रक्ततपासणीत सापडत नाही. तो फक्त फाइलमध्ये लिहिलेला असतो.

आता गरोदरपण घ्या. त्या महिन्यांत हृदयावरचा भार वाढतो, म्हणून ही औषधं घेतलेल्या मुलीची टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आधीच व्हायला हवी. सासरी सांगितलेलंच नसेल, तर शेजारी सासू बसलेली असताना "आधी काही मोठा आजार?" या डॉक्टरांच्या प्रश्नाला ती पोर काय उत्तर देणार? लग्न जमावं म्हणून झाकलेली गोष्ट बाळंतपणात तिच्या अंगावर येते. आणि झाकायचं तरी का? हा आजार संसर्गाने होत नाही. रेटिनोब्लास्टोमासारखे (डोळ्याचा कॅन्सर) थोडे आनुवंशिक प्रकार सोडले, तर पुढच्या पिढीला त्यामुळे कॅन्सरचा वाढीव धोकाही नसतो. लग्न ठरण्याआधी सरळ सांगावं. ऐकून जे घर मागे फिरेल, ते मागे फिरलेलंच बरं.

हृदयाचंच असं नाही. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने ऐकू कमी येऊ शकतं. डोक्याला शेक मिळालेल्यांची उंची, अभ्यास, हार्मोन्स यांवर परिणाम होऊ शकतो. उपचारातल्या स्टेरॉइडने खुब्याचं हाड दुखावू शकतं. अमेरिकेत १९७० ते १९८६ या काळात कॅन्सर झालेल्या १०,००० हून अधिक मुलांचा मोठेपणी अभ्यास झाला. सरासरी वय जेमतेम २६-२७, आणि ६२ टक्के जणांना किमान एक दीर्घकाळचा त्रास होता. तेव्हाचे उपचार जास्त कठोर होते हेही खरं. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. यातलं बरंच वेळेत कळलं तर सांभाळता येतं, पण त्यासाठी कुणीतरी शोधायला हवं.

घरी काय करायचं, तर मुलाला काचेच्या भांड्यासारखं जपणं थांबवायचं. स्टेरॉइडने सुजलेलं पोर बरं झालं तरी आपण "खा बाळा, अशक्तपणा आलाय" म्हणत तूपसाखर वाढतच राहतो आणि पीटीच्या तासाला बसवून ठेवायची चिठ्ठी देतो. डॉक्टरांना विचारा, आणि ते हो म्हणाले की पळू द्या, पोहू द्या. दूध, नाचणी, ऊन हाडांना हवंच. राहिलेल्या लसींचंही विचारा. आणि घरात तंबाखू-मिश्री असेल तर ती आधी मोठ्यांनी सोडावी, या मुलांना तिचा वाराही नको.

मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये अशा मुलांसाठी १९९१ पासून वेगळी ओपीडी आहे, एसीटी क्लिनिक, म्हणजे उपचार पूर्ण झाल्यानंतरचं क्लिनिक. बऱ्या झालेल्या तरुणांचा 'उगम' हा गट इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने २००९ पासून काम करतोय. तिथली मुलं आपलं नाव आणि आजार दोन्ही मोकळेपणाने सांगतात. लेकीला त्यांना भेटवा, आपल्या दहा उपदेशांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

जिथे उपचार झाले तिथून एक पानाचा सारांश मागून घ्या. त्यात आजार, तारखा, प्रत्येक औषधाचा एकूण डोस, शेक कुठे आणि किती दिला, ऑपरेशन, रक्त चढवलं का आणि पुढे कुठली तपासणी किती वर्षांनी, एवढं असायला हवं. मूळ कागद घरात ठेवा, फोटो मुलाच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये. तो अठरा वर्षांचा झाला की त्याला शेजारी बसवून त्यातली ओळ न ओळ समजावून सांगा, कारण पुढच्या तपासण्यांना तो एकटा जाणार आहे.