छापून आलंय ना, मग?

"छापून आलंय! हा बघ फोटो," म्हणत बंड्याने मोबाइल सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवला. बंड्याचं असंच असतं. आधी आवाज, मग विषय, आणि वाचन जमलंच तर शेवटी.

मथळा कालपासून फिरतोय तोच: 'निर्णयाने सर्वत्र नाराजी'.

"सर्वत्र म्हणजे कुठेकुठे?" सुमीने विचारलं. "आतली बातमी वाचलीस? बोललेत दोघं, त्यातला एक विरोधकांचा प्रवक्ता. निर्णय झाला, ही घटना. दोघं बोलले, हीही घटना. त्यांना विचारून खात्री करता येईल. 'सर्वत्र' मात्र मथळेवाल्याने घरून आणलंय."

अण्णांची उभी हयात वर्तमानपत्रात गेली. ते खुसखुसले. "आम्ही 'म्हणाले' लिहायचो, वरिष्ठ त्याचं 'कबूल केले' करायचे. तेवढ्यात माणूस आरोपी! आकड्याचंही तेच. आवडला नाही तर 'अवघे', आवडला तर 'तब्बल'."

"उगाच गुंता करू नका," बंड्या उसळला. "खरं ते फॅक्ट, बाकी आपापलं मत. संपलं!"

"चंद्रावरून चीनची भिंत नुसत्या डोळ्यांनी दिसते. हे काय?" सुमीने विचारलं.

"फॅक्ट!"

"दिसत नाही. पण ते मतही नाही. तपासता येणारं वाक्य आहे, तपासलं, खोटं निघालं. तुझे निम्मे फॉरवर्ड याच वाणाचे."

बंड्याने फोन खिशात घातला. (दोन मिनिटांत पुन्हा काढला.)

अव्याला भांडण विझलेलं बघवत नाही. "मग प्लूटोचं काय? २००६ मध्ये प्रागला खगोलशास्त्रज्ञांनी हात वर करून त्याला ग्रहांतून काढला. म्हणजे मतच की!"

हा मुद्दा खरंच बरा होता. सुमीही क्षणभर थांबली. "प्लूटोचा व्यास २,३७७ किलोमीटरच्या आसपास, हे मोजलेलं. मतदान झालं ते ग्रह कशाला म्हणायचं यावर. व्याख्या बदलली, प्लूटो एक इंचही आटला नाही."

"पण मला कळतं हो काय खरं, काय मत," बंड्या पुटपुटला.

"सगळ्यांना तसंच वाटतं. प्यू रिसर्च या सर्वेक्षण संस्थेने २०१८ मध्ये अमेरिकेत पाच हजारांवर लोकांना तथ्याची, म्हणजे तपासता येणारी, पाच आणि मताची पाच वाक्यं दिली. तथ्याची पाचही बरोबर ओळखली फक्त २६ टक्के लोकांनी. आणि आपल्या पक्षाला सोयीचं वाक्य दिसलं की, ते मत असलं तरी, लोक तथ्यात ढकलायला जास्त तयार!"

"'फक्त' म्हणालीस!" अण्णांनी बोट उगारलं.

सुमीने कान पकडले. सगळे हसले, आणि बंड्याला एकदम बळ आलं.

"बघा, हीसुद्धा तसलीच! त्या फायनलला हिनेच मला रनआउट दिलं होतं. मी रनआउट नव्हतो, हे फॅक्ट!"

"वाक्य तथ्याचंच आहे," सुमी म्हणाली. "भिंतीसारखं."

अव्या हसताहसता कट्ट्यावरून घसरला. अण्णा मात्र गंभीर झाले. त्या सामन्यात दुसऱ्या टोकाला फलंदाज तेच होते, आणि धाव घ्यायला नेमकं कोणी बोलावलं, हे आजवर त्यांनी सांगितलेलं नाही.