ईमॅक्समधला ओटीपी चालत नाही, या रिव्ह्यूला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार सर. एक स्टार देताना तुम्ही लिहिलंय की ईमॅक्समधून (मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममधून) काढलेला, लॉगिनला पासवर्डनंतर लागणारा सहा आकडी कोड एकही वेबसाइट घेत नाही, लॅपटॉपचं घड्याळ मात्र बरोबर आहे, आणि सीक्रेट की (वेबसाइटने दिलेली, ज्यातून कोड निघतो ती गुप्त अक्षरं) फाइलमध्ये ठेवणं धोक्याचं आहे. विंडोज वापरून लिनक्समध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास पुढे दिसायचं, म्हणून ऑटोमॅटिक टाइम बंद करून टाइम झोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) केला, हेही तुम्हीच लिहिलंय. गोम तिथंच आहे.

विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहून ठेवतं. लिनक्स तीच वेळ यूटीसी धरतं आणि वर साडेपाच तास चढवतं. झोन यूटीसी केल्यावर स्क्रीनवर सकाळचे १० दिसतात खरे, पण मशीनच्या हिशोबाने ते यूटीसीचे १०, म्हणजे आपल्याकडचे दुपारचे साडेतीन. कोड काढताना स्क्रीनवरची वेळ कुणी बघत नाही. १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासूनचे सेकंद मोजायचे, ३० ने भागायचं, आणि तो आकडा व सीक्रेट की मिळून कोड निघतो. साडेपाच तास म्हणजे १९,८०० सेकंद, ३० सेकंदांचे ६६० टप्पे. सर्व्हर सहसा एखादाच टप्पा मागेपुढे चालवून घेतो. सकाळी १० वाजता तुम्ही दुपारी साडेतीनचा कोड टाकताय, तो कसा चालेल?

यासाठी परभणीला आमच्या दुकानात चक्कर मारायची गरज नाही. सेटिंगमध्ये झोन एशिया-कोलकाता करा, ऑटोमॅटिक टाइम चालू करा, मोबाइलचं नेट जोडा. मिनिटभराने टर्मिनलमध्ये डेट कमांड 'मायनस यू' लावून (date -u) चालवा, ती यूटीसी वेळ दाखवते. भिंतीवरच्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागची वेळ आली की काम झालं. मग विंडोजच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत) टाइमझोनइन्फर्मेशनखाली रियलटाइमइजयुनिव्हर्सल (RealTimeIsUniversal) नावाची डीवर्ड प्रकारची व्हॅल्यू १ करा, म्हणजे विंडोजही मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी ठेवेल, नाहीतर विंडोज उघडल्यावर पुन्हा तेच होईल.

तरीही कोड नाकारला तर की तपासा. ती बेस-३२ या पद्धतीने लिहिलेली असते, आणि त्यात ए ते झेड आणि २ ते ७ एवढंच असतं. शून्य किंवा एक टाइप झाला असेल तर शून्याच्या जागी ओ आणि एकच्या जागी आय किंवा एल हे अक्षर असावं. कोड काढून देणाऱ्या ओथटूल या प्रोग्रॅमला बेस-३२ चा पर्याय दिला नाही, तर ते की हेक्स (लिहायची दुसरी एक पद्धत) समजतं.

सुरक्षिततेबद्दलची तुमची काळजी रास्त आहे. की ठेवलेली आपली फाइल जीपीजी या एन्क्रिप्शन प्रोग्रॅमने कुलूपबंद आहे आणि ईमॅक्स तिचा ऑटोसेव्ह करत नाही. पण तीच की साध्या नोटमध्ये चिकटवून सेव्ह केली, तर ती उघडीच राहते. अशा नोटची ईमॅक्सने ठेवलेली, नावाच्या शेवटी टिल्ड (~) असलेली जुनी प्रतही शोधून पुसा. फाइल उघडायचा पासफ्रेज (लांब पासवर्ड) एकदा दिला की साधारण १० मिनिटं पुन्हा विचारला जात नाही, त्यामुळे उठताना स्क्रीन लॉक कराच. पासवर्ड आणि कोड दोन्ही एकाच लॅपटॉपवर असतील तर दुसऱ्या कुलपाला, म्हणजे कोडला, फारसा अर्थ उरत नाही. म्हणून ही सोय कामाच्या सर्व्हरपुरती ठेवा, मुख्य ईमेलचा कोड मोबाइलवरच असू द्या आणि बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा.

एवढं करून अडलं तर लॅपटॉप घेऊन या, पैसे लागणार नाहीत. फक्त सीक्रेट की व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, आम्हालासुद्धा नाही.