कोठडीत जेवायला जाण्यापूर्वी

मित्राचा फोन आला, "अरे, बाणेरला एक भन्नाट जागा निघालीये, तुरुंगाची थीम आहे!" की लगेच हो म्हणावं. येरवड्याला खरा तुरुंग असताना खोट्यात कशाला जायचं, हा प्रश्न पेठेतला आहे. तो पेठेतच ठेवून निघा. खऱ्या येरवड्यात १९३२ साली पुणे करार झाला, २६ जानेवारी २०२१ पासून तिथे जेल पर्यटनही सुरू झालं. पण तिथे मॉकटेल मिळत नाही.

शनिवारीच जा, म्हणजे दारात तासभर ताटकळता येतं. असं आपण वैशाली हॉटेलबाहेरही ताटकळतो, पण तिथे आत जाऊन एसपीडीपी, म्हणजे शेव-बटाटा-दही-पुरी मिळते. इथे खाकीतला एक मुलगा हातकड्या घालतो आणि मित्र फोटो काढतो. चेहरा आरोपीसारखा करा. जमणार नाही, पुणेकर जन्मजात फिर्यादी असतो. तरी प्रयत्न सोडू नका.

मेन्यूला इथे आरोपपत्र म्हणतात. दिवा इतका मिणमिणता की मोबाइलचा टॉर्च लावावा लागतो. 'जन्मठेप थाळी' मागवा. पदार्थ येतील जर्मनच्या, पोचे आलेल्या ताटल्यांत. जरा निरखून पाहा: सगळ्या ताटल्यांना पोचा एकाच जागी आहे. म्हणजे कारखान्यातूनच पाडून आणलाय. तुमच्या आईने असल्या ताटल्या कधीच मोडीत काढल्या. त्यांचे पैसे तुम्ही आता थाळीच्या दरात भरताय. पनीर कुठल्याही कलमाखाली मागवा, रस्सा तोच लाल येतो. शिवाय मित्राचं रील होईपर्यंत घास तोंडात घालायचा नसतो, त्यामुळे तो गार असतो. चव विचारली तर "अँबियन्स भारी आहे" म्हणा. घरून पाठ करून जा.

खूप दिवसांनी भेटलोय, निवांत बोलू, असले बेत करू नका. तो "नोकरी सोडायचा विचार चाललाय" एवढं म्हणतो न म्हणतो तोच भोंगा वाजतो आणि शेजारच्या कोठडीतल्या वाढदिवसाला सगळे हवालदार टाळ्या वाजवत धावतात. कुठली नोकरी, का सोडतोय, हे नंतर व्हॉट्सॲपवर विचारा.

बिलाला जामीन म्हणतात. ५ टक्के जीएसटी मुकाट्याने भरा, तो सरकारचा. त्याखाली सेवा शुल्क दिसलं की मात्र खुर्ची पुढे ओढा. ते बिलात आपोआप लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलंय. हे जेलरला तारखांसकट सांगा. मित्र "जाऊ दे ना यार" म्हणेल. मुळीच जाऊ देऊ नका, साहेबांना बोलवा म्हणा. वाचलेले पैसे निम्मे निम्मे करा आणि बाहेर पडल्या पडल्या भुर्जीची गाडी गाठा. अकरानंतर पाव संपतात.