खडकात मशीन चालत नाही म्हणे!

गावच्या ग्रुपवर दोन दिवस झाले एक मेसेज फिरतोय. रोडखालून, रेल्वेखालून पाण्याची लाइन न्यायला आडवं भोक पाडायचं मशीन लावणं म्हणजे पैसे खायचा धंदा, मराठवाड्यातल्या खडकात मशीन चालतच नाही, रात्रीतून चर खोदा, सकाळी बुजवा, झालं! मी असल्या साइटवर धूळ खाल्लेला माणूस, म्हणून लिहितोय.

खडकात चालत नाही? अहो मग वावरातला बोअर कशानं पडला? काळा पाषाण लागला म्हणून गाडीवाला पळून गेला का? तोच हवेवरचा हॅमर आडवा करायचा, त्याच्यासोबत लोखंडी केसिंग, म्हणजे बाहेरचा मोठा पाइप, ढकलत न्यायचं, भुगा हवेनं मागं येतो. नुसतं स्क्रूवालं ऑगर मशीन मात्र पाषाणात अडतं, मेसेजवाल्यानं बहुतेक तेच बघितलं असणार. आणि खरं सांगू का, सलग पाषाण परवडला, मुरमात सुटे धोंडे लागले की डोक्याला ताप. खाली कडक नि वर मऊ असलं की बिट, म्हणजे हॅमरचं पुढचं तोंड, मऊ बाजूला पळतं. एकदा सहा-सहा मीटरचे दोन पाइप आत गेलेले, तिसऱ्याचं वेल्डिंग करायच्या आधी लेव्हल लावली तर लाइन चार बोटं वर चढलेली, सगळं मागं ओढलं, दोन दिवस गेले, मुकादम आमच्याशी बोलेना.

रात्रीतून चर म्हणता, तर बुजवलेला चर पहिल्या पावसात बसतो, काळ्या मातीत तर हमखास. रेल्वेखाली विषयच सोडा. गिट्टीखालचा भराव वर्षानुवर्षं गाड्यांनी दाबून बसलेला असतो, तो कापला की वरचा रूळ खाली बसणार. आणि पाषाणात चर काढायला सुरुंग लावायचा म्हटलं, तर रुळाशेजारी तो कोण लावू देईल राव?

"पाइपात पाइप कशाला, डबल बिल!" असंही म्हणतात. अहो, केसिंगच्या आतली पाण्याची लाइन फुटली तर पाणी केसिंगच्या टोकाला निघतं, भराव धुऊन नेत नाही, आणि लाइन बदलायची वेळ आली तर रुळाला हात न लावता ओढून काढता येते.

रोड खचतो म्हणता, यात थोडं तथ्य आहे. मुरमात केसिंगच्या पुढं जाऊन जास्त माल काढला की वर पोकळी होते, बेंटोनाइटवाल्या, म्हणजे चिकणमातीचा पातळ चिखल दाबानं आत सोडणाऱ्या, मशीनचा दाब वाढला तर चिखल भेगेतून रोडवर येतो. पण ती चूक चालवणाऱ्याची.

तरी संशय असेल तर एमबी, म्हणजे कामाचं मोजमाप लिहायची वही, मागा, त्यात पाषाण किती मीटर नि मुरूम किती मीटर लिहिलाय ते वाचा, मग खड्ड्याशेजारचा ढीग बघा, काळा भुगा पडलाय का तांबडा मुरूम.