कोडबळे

गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी माझा मुलगा एका पायात निळा आणि दुसऱ्यात पिवळा मोजा घालून शाळेत गेला. इंग्लंडमधल्या शाळा दर नोव्हेंबरात मुलांमधल्या छळाविरुद्ध एक आठवडा पाळतात, त्यातला एक दिवस असा विजोड मोज्यांचा. त्याच रात्री बेळगावहून अक्काचा फोन आला. भाची शाळेला जायचं म्हटलं की पोट धरून बसते.

भाची दुसरीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, पण मुलं आपापसांत कन्नडच बोलतात. कन्नडमध्ये ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे वेगवेगळे असतात. आपल्याकडे तो फरक नाही. 'कोडु' आखूड म्हटलं तर 'दे', लांबवलं तर 'शिंग'. पोरीनं पेन्सिल मागताना ते लांबवलं आणि तिचं नाव पडलं 'कोडबळे'. आपल्या कडबोळ्यासारखाच तो तिकडचा पदार्थ. एकदा हसून विषय संपला असता तर मी हे लिहिलं नसतं. पण महिनाभर रांगेत, डबा खाताना, रिक्षात तेच. शेवटी तिनं वर्गात काही मागणंच सोडलं.

रविवारी सगळे व्हिडिओ कॉलवर जमलो. आई म्हणाली, "कडबोळं म्हणाले तर काय झालं? पोरं हाइत, चिडवत्यातच." दाजींचं म्हणणं, एक ठेवून दे म्हणावं, परत तोंड उघडणार नाहीत. मामा म्हणाले, तरी मी सांगत होतो मराठी शाळेत घाला. तिथून बोलणं १९५६ च्या राज्य पुनर्रचनेवर गेलं, मग २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून असलेल्या दाव्यावर. सीमाप्रश्नावर माझं मत घरच्यांपेक्षा वेगळं नाही. १ नोव्हेंबरला काळा दिन पाळणाऱ्या घरातच मी वाढलो. पण त्या अर्ध्या तासात 'त्या लोकांची पोरं' हे शब्द किती वेळा आले ते मी मोजत होतो, आणि दाराआड भाचीच्या फ्रॉकची किनार मला दिसत होती. पलीकडच्या घरातही कुणीतरी 'ही मराठी लोकं' म्हणत असेल आणि एखादं पोर ते ऐकत असेल. सात वर्षांच्या मुलाला दुसऱ्याचा उच्चार हसण्यासारखा वाटावा, हे त्याला आपणच शिकवतो.

आम्ही तरी काय वेगळे होतो? खानापुरात आमच्या मराठी शाळेत एक कानडी घरचा मुलगा आला होता. पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, "माझा पाटी फुटला." वर्षभर त्याचं नाव 'पाटी फुटला'. मी ते नाव ठेवलं नव्हतं, मी फक्त हसायचो. मधल्या सुट्टीत तो विहिरीच्या कट्ट्यावर आमच्याकडे पाठ करून डबा खायचा. प्रश्न विचारला तरी उठायचा नाही, म्हणून गुरुजींनी त्याला मठ्ठ ठरवलं. ती पाठ मला अजून दिसते.

नॉर्वेत मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७० च्या दशकापासून या विषयावर काम केलं. साधं भांडण आणि छळ यांतला फरक त्यांनी नीट मांडला: त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो आणि सोसणाऱ्याचं बळ कमी पडतं. दाजींचा उपाय इथंच कोसळतो. उलट ठेवून देता आली असती तर त्या मुलांनी हिला निवडलंच नसतं. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठानं 'किवा' नावाचा कार्यक्रम तयार केला, त्याचा मोठा भर बघ्या मुलांवर आहे. चिडवणाऱ्याला हशा हवा असतो. तो मिळाला नाही की त्याचा जोर ओसरतो. म्हणजे त्या गोष्टीत माझ्यासारख्या हसणाऱ्यांचं काम मोठं होतं, हे मला चाळिशीत कळलं.

इंग्लंडमध्ये २००६ च्या कायद्यानं सरकारी शाळांच्या मुख्याध्यापकांवर छळ रोखण्याचे उपाय ठरवण्याची जबाबदारी टाकली आहे. माझ्या मुलाच्या डब्याचा वास येतो म्हणून एक मुलगा रोज नाक धरायचा, तेव्हा बाईंनी तारीख, जागा आणि जवळ कोण कोण होतं हे लिहून घेतलं आणि दोन दिवसांत मला बोलावलं. हे मला मनापासून आवडलं. पण त्या मुलाच्या आईचं नाव मला आजही माहीत नाही, आणि माझा मुलगा कोमेजलाय हे शाळेबाहेरच्या कुणाच्याही लक्षात आलं नाही. बेळगावात ते आधी रिक्षावाल्या मामांना दिसलं. "ताई, पोरगी हल्ली माझ्या शेजारीच बसत्या, मागं जात न्हाई," असं त्यांनीच अक्काला सांगितलं. असा माणूस मला इथं कुठून मिळणार?

आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला बंदी आहे. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ क्रमांक आहे. पण मुलंच मुलाला छळत असतील तर शाळेत नेमकं कुणाला सांगायचं, हे अक्काला शाळेच्या डायरीत सापडलं नाही. प्रत्येक शाळेनं एका शिक्षकाचं नाव त्या डायरीच्या पहिल्या पानावर छापावं. त्याला एक रुपया लागत नाही.

अक्काला मी सांगितलं, "तू काय केलंस?" असं पोरीला विचारू नकोस. कुठं झालं, तेव्हा कोण कोण होतं, हसलं नाही असं कोण होतं, ते विचार. तिनं दोन नावं सांगितली, दोन्ही कानडी मुली. अक्का वहीत सगळं लिहून वर्गशिक्षिकेकडे गेली. बाई स्वतः कन्नड बोलणाऱ्या. त्यांनी वर्गासमोर कुणाला झापलं नाही, चिडवणाऱ्यांना एकेकटं बोलावलं आणि भाचीला त्या दोघींच्या बाकावर बसवलं.

नाव अजून पुरतं गेलेलं नाही, रिक्षात अधूनमधून निघतं. परवा भाची फोनवर म्हणाली, "मामा, आज मी मागं बसले. एकीनं दप्तर मांडीवर घेतलं नि मला जागा केली."