माटोळी, बरगडी आणि एक फॉरवर्ड

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटोपली की आमच्या गोव्यातल्या फार्मसीत पोटाच्या गोळ्या आणि दुखण्यावरचं मलम धडाधड खपतं. यंदा त्यात अ‍ॅस्पिरिनची भर पडली आणि मागणारे बहुतेक तिशीच्या आतले. सगळ्यांच्या मोबाईलवर एकच मेसेज. छातीत दुखतंय आणि ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी), स्ट्रेस टेस्ट (श्रम करवून काढलेला ईसीजी) नॉर्मल आली तर ते 'लपलेलं ब्लॉकेज' असतं, डॉक्टर ते सांगत नाहीत. अँजिओग्राफी करा, तोवर रोज अ‍ॅस्पिरिन आणि आलं-लसणाचा काढा घ्या. एकटे असताना झटका आलाच तर जोरजोरात खोकत राहा.

यातलं अर्धसत्य आधी मान्य करतो. पडून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे विषय मिटला, असं होत नाही. झटक्याच्या सुरुवातीला पहिली पट्टी कधीकधी साधी निघते, म्हणून तर ती पुन्हा काढतात आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन तपासतात. पण पंचविशीतल्या धडधाकट माणसाचं दुखणं श्रमाने वाढत नसेल आणि मेसेजातल्या तिन्ही तपासण्या ठीक आल्या असतील, तर ब्लॉकेजची शक्यता फारच थोडी उरते.

मग दुखतं काय? मेसेजला हा प्रश्न पडतच नाही. आमच्या वाड्यावरचा २६ वर्षांचा मुलगा रिपोर्टांची पिशवी घेऊन आला. 'काका, हांगा दुखता,' म्हणत त्याने छातीच्या मधल्या हाडाच्या डावीकडे नेमकं एक बोट ठेवलं. चवथीत काय केलंस, विचारलं. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधली होती. स्टुलावर उभं राहून, दोन्ही हात डोक्यावर, नारळांचे आणि सुपारीचे घड ओढून बांधत अख्खी दुपार. वर तीन रात्री घुमट हे मातीचं वाद्य बडवलं. बरगड्या मधल्या हाडाला कूर्चेने जोडलेल्या असतात. त्या सांध्याला दाह झाला की दाबल्यावर, कूस बदलताना, खोल श्वास घेताना कळ येते. याला कॉस्टोकॉन्ड्रायटिस म्हणतात, आणि ते आठवडेच काय, महिनेही रेंगाळतं. मी अर्थात त्याला परत डॉक्टरांकडे धाडलं, नुसतं दाबून निदान करणं हे माझं काम नाही. निघालं तेच.

तिथे सूज दिसायला लागली तर तो टिएत्सेचा आजार, १९२१ साली नोंदलेला. सुईसारखी कळ येऊन मिनिटा-दोन मिनिटांत जाते, ती आणखी वेगळी, आणि निरुपद्रवी. अन्ननलिका तर हृदयाच्या पाठीमागूनच जाते. रात्री अकराला शागुतीचा मसालेदार रस्सा हाणून लगेच आडवं झालं की आम्ल वर येतं आणि जळजळ 'हार्ट'ची वाटते. घबराटीनेही छाती खरोखरच दुखते. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांची अशी दुखणी डॉ. डा कोस्टा यांनी १८७१ मध्ये लिहून ठेवली आहेत. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं.

डॉक्टर लपवतात, हा आरोप मला पटत नाही. तक्रार वेगळी आहे. 'तुला काही नाही' म्हणून फाईल मिटतात. ज्याला दुखतंय त्याला हे ऐकवलं की तो फॉरवर्डच वाचणार.

अ‍ॅस्पिरिनबद्दल मात्र काउंटरवर भांडतो. दुखणं आम्लाचं असेल तर ती पोट आणखी सोलते. आणि पावसाळा सरता सरता गोव्यात डेंग्यू असतो, त्यात ही गोळी रक्तस्राव वाढवू शकते. अँजिओग्राफीत धमनीतून नळी घालतात, रंगद्रव्य सोडतात. धोका कमी, पण हौसेने करण्याइतका कमी नाही. काढा प्या हवा तर, पण ब्लॉकेज धमनीच्या भिंतीत असतं, मोरीतल्या गाळासारखं ते विरघळत नाही. खोकण्यात जाणारा वेळ फोनला द्या.

कारण काही दुखण्यांत थांबून चालतच नाही: चढ चढताना छाती आवळणं, जबड्यात किंवा हातात उतरणारी कळ, थंड घाम, चक्कर, अचानक धाप. घरात कुणी तरुणपणी अकस्मात गेलं असेल तर जास्तच. अशा वेळी १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यासाठीच्या स्टेमी योजनेत जवळच्या सरकारी इस्पितळात काढलेला ईसीजी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातल्या हृदयतज्ज्ञांकडे जातो आणि गरज असल्यास गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच मिळतं.

त्या मुलाची बरगडी दसऱ्यापर्यंत कुरकुरत होती. पुढच्या चवथीला माटोळी भावाने बांधायची, असं घरात ठरलंय म्हणे.