पहिला ओत कोणाचा?

आमच्या शॉपमध्ये साठीच्या आसपासचा एक मशिनिस्ट आहे, मूळचा कॅनापोलिसचा. कॅनापोलिस म्हणजे नॅसकार या अमेरिकन मोटारशर्यतींतला दिग्गज ड्रायव्हर डेल अर्नहार्ट, त्याचं गाव. तिथं जनरल मोटर्सची शेवरोले हा कुळाचार. २००७ च्या सप्टेंबरात जो गिब्ज रेसिंग या टीमने जाहीर केलं की पुढच्या वर्षीपासून आम्ही जनरल मोटर्स सोडून टोयोटाकडे चाललो. त्याच संध्याकाळी या गृहस्थाने ट्रकच्या मागच्या काचेवरचा, गिब्जचा ड्रायव्हर टोनी स्टुअर्टचा २० नंबरचा स्टिकर ब्लेडने खरवडून काढला. स्टुअर्टवर राग नव्हता म्हणतो, पण टोयोटाचा गडी मी माझ्या काचेवर मिरवणार नाही.

दर उन्हाळ्यात कुठली तरी टीम इंजिन बदलणार म्हणून कुजबुज सुरू होते आणि डबा खाताना ही गोष्ट निघतेच. परवा पुन्हा निघाली. पुन्हा तोच शब्द: गद्दारी.

मला या शब्दाचा कंटाळा आलाय, म्हणून ही लांबलचक पोस्ट. नॅसकारमध्ये रस नसेल त्यांनी खुशाल पुढं सरकावं. कोल्हापूरकरांनी मात्र थांबावं, तुमचा संबंध येणार आहे.

आधी थोडी ओळख. नॅसकारची गाडी स्वतःला 'स्टॉक कार' म्हणवते, पण शोरूममधल्या गाडीशी तिचं नातं आडनावापुरतं. शोरूमची टोयोटा कॅमरी पुढच्या चाकांवर चालते, ट्रॅकवरची मागच्या. बॉनेटखाली ५.८६ लिटरचा व्ही-८, तोही जुन्या पद्धतीचा: कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटात आणि व्हॉल्व्ह उघडायला लांब पुशरॉड. ब्लॉक बिडाचा. असलं इंजिन नऊ हजार आरपीएमच्या आसपास तासन् तास पळवायचं.

माझ्या वडिलांची सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत गेली. ते इथं अमेरिकेत आले तेव्हा मी त्यांना शार्लटच्या ट्रॅकवर कोका-कोला ६०० बघायला घेऊन गेलो. दीड मैलाचा ट्रॅक, ४०० फेऱ्या. कानात बोळे घातले तरी छातीचा पिंजरा हलतो. मी हौसेनं सांगत होतो, हा अमका ड्रायव्हर, तो तमका, हा मागच्या वर्षी जिंकला. बाबा निर्विकार. शंभरेक फेऱ्या झाल्यावर त्यांनी एका कानातला बोळा काढला आणि विचारलं, "ब्लॉक कुणी ओतलाय रं ह्यो?"

मग मी सांगितलं. मैदानात गाड्या चाळीस असल्या तरी इंजिनं बनवणारी घरं मोजून चार. शेवरोलेसाठी हेंड्रिक टीम आणि चाइल्ड्रेस टीमचं ईसीआर, फोर्डसाठी रौश येट्स, टोयोटासाठी त्यांचं स्वतःचं टीआरडी (टोयोटा रेसिंग डेव्हलपमेंट), तेही पार कॅलिफोर्नियात. बाकीच्या टीम इंजिन भाड्यानं घेतात, शर्यत झाली की परत करतात.

बाबा म्हणाले, "मग पयला ओत कुणाचा?"

फाउंड्रीत न वावरलेल्यांसाठी सांगतो. भट्टी एक, लॅडलमध्ये (रस ओतायच्या भांड्यात) रस मोजका, साचे पाच गिऱ्हाइकांचे. ग्रेड तोच, चार्ज (भट्टीत टाकलेला माल) तोच. पण लॅडल फिरता फिरता रस थंड होत जातो आणि शेवटच्या साच्यात एखादी पातळ भिंत धड भरत नाही. कुणी मुद्दाम वाईट माल देत नाही. फक्त मोठ्या गिऱ्हाइकाचे साचे लाइनीत पुढं लागलेले असतात, एवढंच.

तेव्हापासून कुठलीही टीम इंजिन बदलायला निघाली की मी हाच प्रश्न विचारतो. झेंडा, देश, निष्ठा वगैरे नंतर बघू.

आता २००७ कडे चला. गिब्ज तेव्हा कुणी ऐरेगैरे नव्हते. २००० मध्ये बॉबी लाबॉन्टी आणि २००२ मध्ये टोनी स्टुअर्ट, दोन्ही विजेतेपदं पॉन्टियाकच्या, म्हणजे जनरल मोटर्सच्याच दुसऱ्या ब्रँडच्या गाडीत. पुढं २००३ ला हे शेवरोलेत आले, त्याच वर्षाअखेर जनरल मोटर्सने पॉन्टियाकलाच नॅसकारमधून काढून घेतलं, आणि २००५ ला स्टुअर्ट पुन्हा जिंकला. (कंपनी निघून जाते तेव्हा तिला 'व्यावसायिक निर्णय' म्हणतात. गद्दार ठरते ती टीम. असो.) पण जनरल मोटर्सच्या घरात थोरली पाती हेंड्रिकची होती. २००७ च्या ३६ शर्यतींपैकी १८ त्या एका टीमने जिंकल्या. जेफ गॉर्डन त्यांचा, जिमी जॉन्सन त्यांचा, आणि जूनमध्ये डेल अर्नहार्ट ज्युनियरनेही तिकडंच जायचं ठरवलं. चाइल्ड्रेस आणि डीईआय (डेल अर्नहार्ट इन्कॉर्पोरेटेड) या दोन टीमनी मिळून इंजिनांचा वेगळा संसार थाटला. तीन विजेतेपदं जिंकून देणारे गिब्ज या घरात कितव्या नंबरला, तुम्हीच मोजा.

टोयोटाची तेव्हाची अवस्था कशी होती? तो त्यांचा पहिला सीझन. सीझनच्या पहिल्याच, डेटोनाच्या शर्यतीला टोयोटाच्या मायकेल वॉलट्रिपच्या गाडीच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये नको तो पदार्थ सापडला, १०० गुण कापले गेले, माणसाची गुणसंख्या शून्याच्या खाली गेली. त्यानंतर तो लागोपाठ अकरा शर्यतींना पात्रच ठरला नाही. अख्ख्या वर्षात टोयोटाला एकही विजय मिळाला नाही. अशा घरी जाणं म्हणजे लोकांना वेडेपणा वाटला. मला त्यातच शहाणपण दिसतं. त्या घरात जेवायला बसणारा पहिला मोठा पाहुणा गिब्जच ठरणार होता. शिवाय ते रिकाम्या हातांनी गेले नाहीत. हंटर्सव्हिलची स्वतःची इंजिन शॉप, स्वतःची माणसं, सगळं घेऊन गेले. म्हणजे पहिला ओतही त्यांचा आणि भट्टीही त्यांचीच.

बरं, तेव्हा इथल्या लोकांची तक्रार इंजिनाबद्दल नव्हतीच. जपानी कंपनी आपल्या खेळात आली, हे दुखणं होतं. फोर्डवाल्या जॅक रौश यांनी तर युद्धाची भाषा केली होती. या गोष्टीची एक गंमत आहे. अमेरिकेत गाडीच्या चॅसिस नंबरचा, म्हणजे व्हीआयएनचा, पहिला आकडा बघितला की गाडी कुठं जुळवली ते कळतं: १, ४, ५ म्हणजे अमेरिका, २ म्हणजे कॅनडा, ३ म्हणजे मेक्सिको. ट्रॅकवर ज्या गाड्यांची नावं धावत होती त्यांतली शेवरोले इम्पाला बनायची कॅनडात ओशावाला, डॉज चार्जर कॅनडातच ब्रॅम्प्टनला, फोर्ड फ्यूजन मेक्सिकोत एर्मोसियोला. आणि ती परकी, घुसखोर कॅमरी? केंटकीत, जॉर्जटाउनला. स्टँडमध्ये झेंडे नाचवणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या गाडीच्या काचेखालचा नंबर वाचला असेल देव जाणे.

२००८ सुरू झालं. डेटोनाला गिब्जच्या टोयोटांत स्टुअर्ट तिसरा, काइल बुश चौथा. चौथ्याच शर्यतीत, ९ मार्चला अटलांटाला, बुश पहिला आणि स्टुअर्ट दुसरा. टोयोटाचा कप मालिकेतला, म्हणजे नॅसकारच्या मुख्य मालिकेतला, पहिला विजय. हा बुश म्हणजे ज्युनियरला जागा करून देण्यासाठी हेंड्रिकने सोडून दिलेला पोरगा, बावीस वर्षांचा. त्याने त्या वर्षी आठ शर्यती जिंकल्या. विजेतेपद मात्र हुकलं, कारण विजेता ठरवणाऱ्या शेवटच्या दहा शर्यतींच्या सुरुवातीलाच गाडीनं दगा दिला. डोव्हरला तर इंजिनच गेलं.

त्याच वर्षीचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुय्यम मालिकेत गिब्जच्या टोयोटा इतक्या पळत होत्या की नॅसकारने त्यांची ताकद कमी करायला हवेची वाट अरुंद केली. ऑगस्टमध्ये मिशिगनच्या शर्यतीनंतर गाड्या डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) चढवल्या, तर ॲक्सिलरेटरच्या पेडलखाली लोहचुंबक चिकटवलेले निघाले! पेडल पूर्ण दाबलं जाऊ नये आणि ताकद खरीपेक्षा कमी दिसावी, म्हणजे आणखी कात्री लागणार नाही, असा हिशेब. उसाच्या काट्याबद्दल आयुष्यभर ऐकत आलेल्या माणसाला वजन मुद्दाम कमी दाखवण्याचं काय नवल? पण स्वतःच्याच मालाचं वजन कमी दाखवणारा गडी मी पहिल्यांदा पाहिला. सात जणांना निलंबित केलं. योग्यच केलं.

इथवर माझं म्हणणं सरळ आहे: गिब्जनी बदल केला ते बरोबर. पुढचं तेवढं सरळ नाही.

२०१२ पासून गिब्जनी आपल्या कप गाड्यांची इंजिनं टीआरडीकडे सोपवली. पैशाचं गणित बघता ते समजतं. दोन ठिकाणी तेच काम कशाला? पण २०१३ च्या एप्रिलमध्ये कॅन्ससला गिब्जचा मॅट केन्सेथ जिंकला आणि तपासणीत त्याच्या आठ कनेक्टिंग रॉडपैकी एक किमान वजनापेक्षा हलका निघाला. किती? २.७ ग्रॅम. चिमूटभर मीठ. टीआरडीने चूक आमची म्हणून कबूल केलं, टीमचा रॉडला हातही लागला नव्हता. तरी आधी ५० गुण कापले गेले ते केन्सेथचे. अपिलात १२ वर आले हे खरं, पण ते १२ ही गेले गाडी चालवणाऱ्याचेच. दुसऱ्याच्या भट्टीतला दोष तुमच्या खात्यावर पडतो तो असा. बाबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. अडीच ग्रॅमवरून रिजेक्ट झालेला लॉट त्यांनी पाहिलेला आहे.

तरीही पुढं २०१५ आणि २०१९ ला काइल बुश विजेता झाला. २०१९ मध्ये तर गिब्जनी ३६ पैकी १९ शर्यती जिंकल्या. म्हणजे स्वतःची भट्टी विझवूनही पहिला ओत त्यांच्याकडंच राहिला.

दुसरे टीममालक रॉजर पेन्स्के यांचं २०१२ चं उदाहरण मला याहून धीट वाटतं. मार्चमध्ये जाहीर करून टाकलं की पुढच्या वर्षी डॉज सोडून फोर्ड. ऑगस्टमध्ये डॉजनेच खेळ सोडला. आणि नोव्हेंबरमध्ये ब्रॅड केसेलोस्कीने त्याच डॉजमध्ये विजेतेपद मारलं, रिचर्ड पेटी यांच्या १९७५ नंतर डॉजचं पहिलं. सोडून जायच्या घरातून ट्रॉफी घेऊन निघणं! मग चॅम्पियन इंजिनं बनवणारी स्वतःची शॉप बाजूला ठेवून रौश येट्सची इंजिनं घेतली. पहिल्या वर्षी केसेलोस्की शेवटच्या दहा शर्यतींच्या विजेतेपदाच्या लढतीत सुद्धा पोचला नाही, लोकांनी बोटं मोडली. पण फोर्डकडे रौशचं घर उतरणीला लागलं होतं आणि पेन्स्के बघता बघता थोरली पाती झाले. २०१८, २०२२, २०२३, २०२४: चारही विजेतेपदं फोर्डमध्ये.

आता माझ्याच सिद्धांताला तडा जाणारी उदाहरणं सांगतो, नाहीतर कॉमेंटमध्ये तुम्ही सांगालच. स्टुअर्ट-हास टीम हेंड्रिकची भाडेकरू होती, इंजिन त्यांचं, चॅसिस त्यांची. तरी २०११ आणि २०१४ ला विजेती. डेन्व्हरच्या फर्निचर रो टीमने २०१६ ला शेवरोले सोडून टोयोटा घेतली, गिब्जशी तांत्रिक युती केली, आणि २०१७ ला मार्टिन ट्रूएक्स ज्युनियरने शेवटच्या शर्यतीत गिब्जच्याच काइल बुशला मागं टाकून विजेतेपद नेलं. भाडेकरू मालकाला हरवू शकतो. मान्य.

पण पुढच्याच वर्षी फर्निचर रो बंद पडली. गाडी हळू नव्हती. युतीचा खर्च वाढला, मोठा प्रायोजक निघून गेला आणि गणित बसेना. म्हणून आता मी बाबांच्या प्रश्नाला एक शेपूट जोडतो: ओत चांगला मिळेलही, पण भाव कोण ठरवणार? आजच्या नियमांत चॅसिस, गिअरबॉक्स सगळ्यांना एकाच दुकानातून घ्यावं लागतं. उरलं काय, तर इंजिन, पुढचं नाक आणि कंपनीच्या सिम्युलेटरवरचे तास. त्यामुळं इंजिन बदलणं म्हणजे खरंतर घरमालक बदलणं आहे. नवा मालक हसतमुख आहे का हे बघून भागत नाही. अकरा महिन्यांचा करार संपल्यावर तो काय म्हणेल, ते आधी बघावं लागतं.

आमच्या मशिनिस्टला हे सगळं सांगून झालंय. त्याची कथाही तिथं थांबली नाही. २००९ ला स्टुअर्ट अर्ध्या टीमचा मालक होऊन शेवरोलेत परतला, तेव्हा यानं हौसेनं १४ नंबरचा स्टिकर लावला. २०१६ च्या फेब्रुवारीत स्टुअर्ट-हासने फोर्डकडे जायचं जाहीर केलं. पुन्हा ब्लेड. फोर्डमधल्या पहिल्याच शर्यतीत, २०१७ च्या डेटोना ५०० मध्ये, त्यांचा कर्ट बुश जिंकला, तोही फक्त शेवटची फेरी आघाडीवर राहून. यानं टीव्ही बंद केला होता म्हणे. २०२४ अखेर ती टीमही बंद झाली.

गेल्या वर्षी त्यानं नवा कोरा सिल्व्हराडो घेतला. काचेवर कुठलाच स्टिकर नाही. पार्किंगमध्ये कौतुकानं दाखवत होता, बेड केवढा, टोइंग किती, अमेरिकन ट्रक तो अमेरिकन ट्रक. मी वाकून काचेखालचा नंबर वाचला. पहिला आकडा ३.

अजून बोललेलो नाही.